आलेलं तोंड

मराठीत ताप येतो, डोळे येतात, अंगात येतं आणि तोंडही येतं. जन्मापासून असलेलं तोंड पुन्हा ‘येतं’ कसं, असा प्रश्न मराठी शिकणाऱ्या परमुलखातल्या माणसाला पडत असेल. आपल्याला पडत नाही. ओठाच्या आत पांढुरका ठिपका दिसला, आमटीचा पहिला घोट झोंबला, की घरातलं कुणीतरी निदान करून मोकळं होतं. आजीच्या मते उष्णता, आईच्या मते पोट साफ नाही, वडलांच्या मते रात्रीची जागरणं. आमच्या घरी हा वाद मिटायच्या आत जाईची चार पानं माझ्या हातावर पडलेली असत. ती चावायची, तुरट लाळ तोंडात घोळवायची आणि थुंकायची. दहावीच्या वर्षापासून मी हे करत आलो. पानं चावून बरं वाटायचं, हे खरं. पण पानं न चावताही आठ-दहा दिवसांत ते आपलं आपण बरं व्हायचं, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

अडचण अशी, की ‘तोंड आलं’ हे रोगाचं नाव नाही. ती तक्रार आहे, आणि तिच्या पोटात भलतेच वेगवेगळे आजार सामावलेले आहेत. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरतो तेव्हाही आपण तोंड आलं म्हणतो. तो बुरशीचा संसर्ग असतो. म्हाताऱ्या माणसाची जीभ लाल, गुळगुळीत होते, चहासुद्धा सोसत नाही. तेही तोंड येणंच. नव्या कवळीची कड हिरडीला घासून जखम झाली, तेही तेच. सुपारी खाऊन खाऊन गाल आतून ताठरले आणि तिखट झोंबायला लागलं, तरी माणूस औषधाच्या दुकानात जाऊन सांगतो, ‘तोंड आलंय, काहीतरी द्या.’ काउंटरवरचा मुलगा सगळ्यांना तीच छोटी ट्यूब आणि तीच बी-कॉम्प्लेक्सची पट्टी देतो. त्याचा तरी काय दोष? त्याला सांगितलंय तेवढंच त्याला कळणार.

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र हे दोन शब्द ऐकून समाधान मानत नाहीत. दाढ दाखवायला गेलो असताना मी सहज म्हटलं, ‘मॅडम, मधूनमधून तोंड येतं माझं.’ त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि चारच प्रश्न विचारले. नेमकं कुठे येतं? किती दिवस राहतं? मागच्या वेळी हीच जागा होती का? आणि दुखतं का? शेवटच्या प्रश्नाचं मला हसू आलं. न दुखणारं तोंड कधी कुणाचं येतं का? त्या हसल्या नाहीत. कारण मला पुढे कळलं.

वरचेवर येणाऱ्या, दुखणाऱ्या आणि आपोआप जाणाऱ्या या व्रणाला डॉक्टर ‘ॲफ्थस अल्सर’ म्हणतात. ‘ॲफ्था’ हा शब्द मूळ ग्रीक, हिपोक्रेटिसच्या काळापासूनचा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मुखाचे ६५ रोग मोजले आहेत: ओठांचे ८, दातांच्या मुळांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सगळ्या तोंडभर पसरणारे ३. म्हणजे जागेवरून रोग ओळखायचा, ही शिस्त जुनी आहे. ‘तोंड आलं’ म्हणून आपण ती मोडीत काढली, इतकंच.

ॲफ्थस अल्सर जगात फार सामान्य आहे. सर्वसाधारणपणे पाचातल्या एकाला तो आयुष्यात वारंवार भेटतो. बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि चाळिशीनंतर त्याच्या फेऱ्या विरळ होत जातात. घराण्यात चालतो, ज्यांना तो होतो त्यांच्यापैकी साधारण ४० टक्के लोकांच्या जवळच्या नात्यात आणखी कुणालातरी तो असतो. त्याचे तीन प्रकार. बहुतेकांना होतो तो छोटा: मुगाएवढा, १० मिलिमीटरच्या आतला, गोल किंवा लंबगोल, मध्ये पिवळट-पांढरा, भोवती लालभडक कडं. आठवडा ते दोन आठवड्यांत वण न ठेवता जातो. दुसरा मोठा, खोल, घशाच्या बाजूलाही होणारा. तो महिना-महिना मुक्काम ठोकतो आणि जाताना वण ठेवतो. तिसऱ्यात मोहरीएवढे कितीतरी ठिपके एकदम उठतात आणि एकमेकांत मिसळतात. त्याचं नाव ‘हर्पेटिफॉर्म’ असलं, तरी हर्पीसच्या विषाणूशी त्याचा संबंध नाही. नावानं घोटाळा करून ठेवलाय, एवढंच.

मधला तो पिवळट भाग पू नसतो. जखमेवर रक्तातल्या फायब्रिनची खपली धरते, पण तोंडात सतत ओल असल्यामुळे ती गुडघ्यावरच्या खपलीसारखी कडक आणि काळी होत नाही, मऊ साय होऊन बसते. ती बोटानं खरवडून काढणारे लोक मी पाहिले आहेत. एके काळी मीही त्यातलाच होतो. खरवडलं, की जखम पुन्हा उघडी.

आता पत्ता. तोंडाचं आतलं अस्तर सगळीकडे सारखं नसतं. हिरड्या आणि पुढची कडक टाळू यांना चावण्याचा मार सोसायचा असतो, म्हणून तिथे केराटिनचा चिवट थर असतो, तळव्याच्या कातडीचा दूरचा भाऊ म्हणा. ओठांची आतली बाजू, गाल, जिभेखालचा भाग, जिभेच्या कडा, मागची मऊ टाळू इथे तो थर नसतो. अस्तर पातळ आणि लवचीक असतं. ॲफ्थस अल्सर बहुधा या मऊ जागीच होतो. उलट हर्पीसचा विषाणू तोंडात परत उठतो तेव्हा बहुधा हिरडी किंवा कडक टाळू निवडतो, आणि ओठाच्या बाहेर तर तो पाण्याच्या फोडांचा घोसच काढतो. म्हणून ‘नेमकं कुठे?’ या एका प्रश्नात निम्मं निदान होऊन जातं. ॲफ्थस अल्सर संसर्गजन्य नाही. एकाच ताटात जेवून तो दुसऱ्याला होत नाही. हर्पीसबद्दल असं म्हणता येणार नाही.

हा व्रण होतो कसा, याचं उत्तर अर्धं मिळालेलं आहे. शरीराच्या संरक्षण दलातल्या टी-पेशी काही कारणानं बिथरतात आणि आपल्याच अस्तराच्या पेशींवर चाल करून जातात. टीएनएफ-अल्फासारखी दाहक रसायनं तिथे जमतात, पेशी मरतात, अस्तराला भोक पडतं. या सगळ्याची चाहूल आधी लागते. जुना खेळाडू ती बरोबर ओळखतो. व्रण दिसायच्या एक-दोन दिवस आधी त्या जागी चुरचुर होते, जीभ सारखी तिथे जाते. मग लाल ठिपका, मग व्रण, मग तीन-चार दिवस जीव नकोसा करणारी आग, आणि मग एका सकाळी चहा पिताना लक्षात येतं की आज झोंबलं नाही.

इथे ‘उष्णते’बद्दल एक गंमत सांगायला हवी. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान ४३ अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की ते उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप धाडतं. मिरचीतलं कॅप्सायसिन नेमकं हेच प्रथिन उघडतं, म्हणून तिखट हे चव म्हणून नाही तर चटका म्हणून जाणवतं. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत हा शोध लागला आणि २०२१ चं नोबेल त्यासाठी मिळालं. व्रणात अस्तर फाटून मज्जातंतूंची टोकं उघडी पडलेली असतात, त्यामुळे मिसळीची तर्री सरळ त्यांनाच जाऊन भिडते. तेव्हा आजी ‘उष्णता’ म्हणायची, ते अनुभवाचं वर्णन म्हणून अगदी चोख होतं. कारण म्हणून मात्र नाही. आंबे खाल्ल्यानं पोटात साठलेली उष्णता तोंडावाटे बाहेर पडते, याला आधार नाही.

टी-पेशी का बिथरतात, हे कोडं बाजूला ठेवलं, तरी त्यांना डिवचणाऱ्या गोष्टी बऱ्याच ठाऊक आहेत. पहिली म्हणजे साधी इजा. ज्यांची प्रकृतीच या व्रणांची आहे त्यांना घास चावताना गाल चावला गेला, कडक चकलीचं टोक लागलं, ब्रश सटकला, की दोन दिवसांनी तिथे व्रण हजर. दातांच्या दवाखान्यात जाणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. दाढ भरताना जागा कोरडी राहावी म्हणून गालात कापसाची वळी ठेवतात. ती अस्तराला चिकटते आणि ओली न करता ओढून काढली तर अस्तराचा पापुद्रा निघून येतो. सुईनं टोचलेल्या जागी, क्लिप घासलेल्या जागी व्रण उठतो. लोक म्हणतात, ‘दवाखान्यातून इन्फेक्शन घेऊन आलो.’ बहुतेक वेळा ते इन्फेक्शन नसतं, इजा असते. आपल्याला असे व्रण होतात हे डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधीच सांगावं. चार कोमल हालचालींनी ते टळू शकतात. लहान मुलांचं वेगळंच. खालच्या जबड्याला भूल दिल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर असतो, मुलाला त्याची गंमत वाटते, तो ओठ चावत राहतो. दुसऱ्या दिवशी सुजलेला, पांढरा पडलेला ओठ पाहून आई घाबरते. भूल उतरेपर्यंत पोराला खायला न देणं आणि त्याच्यावर नजर ठेवणं, एवढाच त्यावरचा उपाय.

तारा लावलेल्या मुलामुलींना पहिले काही आठवडे असंच सोसावं लागतं. त्यांना दवाखान्यातून पारदर्शक मेणाची डबी मिळते. टोचणाऱ्या तारेवर त्या मेणाची गोळी दाबून बसवायची. किती मुलं ती डबी दप्तरात तशीच ठेवून देतात!

टूथपेस्टचा विषय निघाला, की लोक संशयानं बघतात, पण त्यात तथ्य आहे. बहुतेक पेस्टना फेस येतो तो सोडियम लॉरिल सल्फेटमुळे. हे रसायन भांड्यांच्या साबणातही असतं, आणि ते अस्तरावरचं चिकट संरक्षक आवरण धुऊन काढतं. १९९४ साली ऑस्लोमध्ये १० रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासात, ही फेसाळ पेस्ट वापरताना तीन महिन्यांत सरासरी चौदा व्रण झाले. बिनफेसाच्या पेस्टवर ते पाचांवर आले. दहा माणसं म्हणजे काहीच नाहीत, आणि नंतरच्या सगळ्याच पाहण्यांत एवढा ठळक फरक दिसला नाही. तरीही हा प्रयोग स्वस्त आहे आणि त्यात कसलाही धोका नाही. तीन महिने ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचून पेस्ट घ्यायची. मी केला. फरक पडला, पण किती पेस्टमुळे आणि किती मनामुळे, हे दहावीच्या जाईच्या पानांनी शिकवलेल्या माणसानं ठामपणे सांगू नये.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गैरसमज ज्याबद्दल आहे ती गोष्ट म्हणजे तंबाखू. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि तंबाखू मळणाऱ्यांना हे व्रण कमी होतात. खरंच कमी होतात. त्या माऱ्यानं तोंडाच्या मऊ अस्तरावर केराटिनचा थर चढतो, हे त्याचं मानलं जाणारं एक कारण. माणूस मोठ्या निश्चयानं तंबाखू सोडतो, थर उतरतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत तोंड येतं. मग कट्ट्यावर सांगतो, ‘सोडली आणि तोंड यायला लागलं. मला नाही मानवत सोडणं.’ पुन्हा चुना-तंबाखू तळहातावर. त्या माणसाला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, की पहिल्या महिना-दीड महिन्यात असं होऊ शकतं, जेल लाव, मीठपाण्याच्या गुळण्या कर, ते जाईल. दवाखान्यात ‘तंबाखू सोडा’ अशी पाटी असते. सोडल्यावर पंधरा दिवसांनी काय होईल, हे सांगणारी पाटी मी अजून पाहिलेली नाही.

आता पोषणाकडे येऊ, कारण इथे बी-कॉम्प्लेक्सच्या पट्टीचा निकाल लागायचा आहे. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांची कमतरता असेल तर तोंड वारंवार येतं, आणि ती भरून काढली की बऱ्याच जणांचं थांबतं. आपल्याकडे ही कमतरता किती आहे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तिन्ही त्यात होते. त्यांच्यापैकी ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी भरलं. शाकाहाऱ्यांना धोका जास्त, कारण बी-१२ मांस, मासे, अंडी आणि थोड्या प्रमाणात दुधातून मिळतं. भाजी-भाकरीतून मिळत नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी गोळी घेणाऱ्यांतही ते घटतं. लोहाची गोष्ट तर घराघरातली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आहे. जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, हे आपल्या प्रांतात सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, तरी सांगतो.

मग सरसकट जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाव्यात का? २०१२ साली अमेरिकेत १६० रुग्णांना वर्षभर रोज मल्टिव्हिटॅमिनची किंवा तशीच दिसणारी पोकळ गोळी देऊन पाहिलं. व्रणांच्या संख्येत फरक पडला नाही. उलट २००९ साली इस्राएलमध्ये ५८ जणांवर झालेल्या प्रयोगात, रोज रात्री जिभेखाली बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची गोळी ठेवणाऱ्यांपैकी सहाव्या महिन्यात ७४ टक्के जण व्रणमुक्त होते. पोकळ गोळीवाल्यांत ३२ टक्के. विशेष म्हणजे, रक्तातलं बी-१२ आधी कमी होतं की नव्हतं, यानं फारसा फरक पडला नाही. दोन निकाल एकमेकांना छेद देतात असं वाटेल, पण मात्रा पाहा: रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅमची, आणि इथे दिले हजार. शिवाय पोकळ गोळीवरही तिघांतला एक बरा झाला, हा आकडा मला फार आवडतो. आमच्या जाईच्या झाडाचा मोठेपणा बहुधा याच आकड्यात आहे. माझं मत सरळ आहे. महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येत असेल तर आधी रक्त तपासावं: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, फॉलिक ॲसिड. पट्टी मागाहून.

औषधांचाही हात असतो, आणि तो पटकन ध्यानात येत नाही. हृदयाच्या दुखण्यावर निकोरँडिल घेणाऱ्या काहींना खोल, चिवट व्रण होतात. कुठलंही मलम चालत नाही, औषध बदललं की भरतात. अर्थात ते डॉक्टरांनी बदलायचं, आपण नाही. मेथोट्रेक्सेटचं प्रकरण त्याहून गंभीर. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर विषबाधा होते, आणि तिची पहिली खूण पुष्कळदा तोंडातच दिसते. घरात कुणी ही गोळी घेत असेल आणि एकाएकी तोंडभर फोड आले, तर तूप लावत बसू नये. गोळ्यांची पट्टी मोजावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

काही वेळा तोंड हे दुसऱ्याच एखाद्या आजाराची खिडकी असते. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा सिलिॲक, आतड्यांचा क्रोन्स, एचआयव्ही. लहान मुलाला दर तीन आठवड्यांनी ताप आणि व्रण येत असतील तर पांढऱ्या पेशींचं चक्र बिघडल्याचीही शंका घेतात. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ साली तीन गोष्टींची सांगड घातली: तोंडात व्रण, जननेंद्रियावर व्रण आणि डोळ्याच्या आत दाह. तो आजार आता त्यांच्याच नावानं ओळखला जातो आणि तुर्कस्तानापासून जपानपर्यंत जुन्या रेशीम मार्गाच्या कडेनं जास्त आढळतो. आपल्याकडे विरळा. पण तोंडाबरोबर डोळे लाल होऊन अंधुक दिसत असेल, तर लाज बाजूला ठेवून बाकीचंही डॉक्टरांना सांगायला हवं.

उपायांचं म्हणाल तर मुळासकट घालवणारं औषध नाही. दुखणं आणि दिवस कमी करणं एवढंच हातात. ट्रायॲमसिनोलोन हे ०.१ टक्क्याचं स्टेरॉइड चिकट मलमातून मिळतं. ते चोळायचं नसतं. जागा कापसानं टिपून कोरडी करायची, मुगाएवढं मलम बोटावर घेऊन नुसतं टेकवायचं, शक्यतो रात्री झोपताना. चुरचुर सुरू होते त्याच दिवशी लावलं तर उपयोग जास्त. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांनी जखमेवर जंतू माजत नाहीत, पण आठवडे चालू ठेवल्या आणि वर चहा घेतला, तर दातांवर तपकिरी डाग पडतात. बधिर करणारी जेल जेवणाआधी पाच मिनिटं. तूप आणि मध लावायला हरकत नाही. वर आवरण धरतं, झोंबणं कमी होतं. चुना, कापूर, ॲस्पिरिनची गोळी मात्र कुणी सुचवली तरी नाही. दाढदुखीत ॲस्पिरिन गालात दाबून धरणाऱ्यांचा गाल आतून भाजून पांढरा पडतो, आणि एका दुखण्याची दोन होतात. मोठ्या, चिवट व्रणांसाठी कोल्चिसिन, डॅप्सोन अशी पोटात घ्यायची औषधं आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

आणि आता डॉक्टरीणबाई का हसल्या नाहीत, ते.

ॲफ्थस अल्सर दुखतो, येतो आणि जातो. पुढच्या वेळी दुसरीकडे उगवतो. कर्करोगाचा व्रण याच्या नेमका उलट वागतो. सुरुवातीला तो पुष्कळदा दुखतच नाही. जिभेच्या कडेला, जिभेखाली किंवा गालात, तंबाखूची चिमूट ठेवतात नेमक्या त्या खाचेत, एकाच जागी राहतो. कडा किंचित उंचावलेल्या, बोटाला टणक लागतात. आणि तो जात नाही. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्यांत जास्त आढळतो. ज्या समाजाला तोंड यायची इतकी सवय आहे, की त्यावर वाक्प्रचार घडला, त्या समाजात न जाणारा व्रणही ‘जाईल आपोआप’ या खात्यात टाकला जातो. बोंबलण्याइतकं दुखणाऱ्या निरुपद्रवी व्रणासाठी आपण रात्री दुकान उघडायला लावतो. मुका व्रण मात्र सहा महिने सांभाळतो.

म्हणून दंतवैद्यांचा हिशेब तीन आठवड्यांचा. कुठलाही व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर तो दाखवायचा. शेजारी तुटक्या दाढेची धार असेल तर ती घासून गुळगुळीत करतात, कवळी टोचत असेल तर ती दुरुस्त करतात आणि दोन आठवडे वाट पाहतात. तरीही भरला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. ‘तुकडा काढला की पसरतो’ ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. तुकडा काढल्यानं तो पसरत नाही. तो पसरतो आपण घालवलेल्या महिन्यांत.

सुपारीचं आणखी एक. गुटखा, मावा, नुसती सुगंधी सुपारी रोज खाणाऱ्या तरुणांना आधी तिखट झोंबायला लागतं, बारीक फोड येतात. तेही म्हणतात, तोंड येतंय. आत मात्र अस्तराखाली तंतू जमत जातात, गाल लाकडासारखे होतात आणि तोंड उघडेनासं होतं. १९५२ साली श्वार्त्झ यांना पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा प्रकार दिसला, आणि पुढच्याच वर्षी जोशी या भारतीय डॉक्टरांनी इथल्या रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपऱ्यांवर काय परिस्थिती आहे ते आपण जाणतोच. घरच्या घरी पाहायचं तर आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघावीत. दोनच जात असतील तर ती वाढलेली बोटं नाहीत, आकसलेलं तोंड आहे. आणि घरातल्या बायकांचं मिश्रीनं दात घासणं तंबाखूतच मोडतं, फक्त ते व्यसन म्हणून कुणी मोजत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला गोळी दिली नाही. ‘घरी भिंतीवर कॅलेंडर आहे ना?’ एवढंच विचारलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात, गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख असते, वाण्याचा हिशेब असतो. त्यात आता माझे ठिपके आले. व्रण उठला त्या दिवशी एक टिंब आणि बाजूला जागा: ‘खा. ओठ’, ‘डा. गाल’, ‘जिभेखाली’. गेला त्या दिवशी टिंबाभोवती गोल. गेल्या वर्षी अशी नऊ टिंबं झाली; त्यातली चार मार्च-एप्रिलच्या हिशेबाच्या दिवसांत, एक नव्या ब्रशच्या आठवड्यात. सगळ्यात लांबलेलं तेरा दिवसांचं होतं. बायको दर महिन्याचं पान उलटताना आधी दुधाचे खाडे मोजते आणि मग एखादं टिंब गोलाशिवाय राहिलंय का ते बघते.